बाबांच्या नावाची मूठ

"ताई, नमस्कार.

मी ४८ वर्षांचा, जळगावात नोकरी करतो. गाव अमळनेर तालुक्यात, तिथे धाकटा भाऊ शेती बघतो. बहीण शिरपूरला दिली आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई ७४ ची, गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे जळगावला आहे. तिला विसर पडतो. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं, गॅस चालू राहायचा. आता रोज दिवेलागणीला दारात जाऊन उभी राहते आणि विचारते, 'तुना बाप अजून उना नही का रे?' (तुझा बाप अजून आला नाही का रे?) सुरुवातीला मी खरं सांगत होतो. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची आणि अर्ध्या तासानं परत दारात. आता माझी बायको सांगते, 'वावरमा गयात, येतीन.' (शेतात गेलेत, येतील.) आई शांत होते. बहीण म्हणते, जन्मदात्या आईशी खोटं बोलता, हे पाप आहे. मलाही ते आतून टोचतं.

दुसरी गोष्ट कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीची. आमच्या भाऊबंदकीची कानबाई आमच्याच घरी बसते. आईनं ती सासूकडून घेतली आणि जवळपास पन्नास वर्षं चालवली. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, अशी आमची रीत. गेल्या श्रावणात आईनं बाबांच्या नावाचीही मूठ घातली. काका सगळ्यांसमोर कडाडले, 'गेलेल्या माणसाचा वाटा रोटात नसतो.' आई बावरली. पुढचं माप तिला आठवेना. रात्री जागरणाला बायका गाणी म्हणत होत्या आणि ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती.

तिसरं माझं स्वतःचं. बाबा आजारी असताना मी चैत्रात गडावर पायी गेलो, सप्तशृंगीला नवस बोललो. वैशाखात बाबा गेले. तेव्हापासून मी हात जोडलेले नाहीत. यंदा आईच्यानं होणार नाही, म्हणून कानबाईचं सगळं माझ्यावर आलं आहे. विश्वास नसताना ते ढोंग मी का करावं? आणि बंद केली, तर आईच्या डोक्यात जे थोडंफार उरलं आहे तेही मीच पुसलं असं होईल. काय करू?

ता. क. भाऊ म्हणतो, आईला थोडं कळतंय तोवर शेताच्या कागदांवर तिचा अंगठा घेऊन टाकू."

*

भाऊ,

ता. क. आधी घेते, कारण ते लवकर आटपेल. अंगठा घेऊ नका. १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो की व्यवहार करणाऱ्याला त्या वेळी तो व्यवहार समजला पाहिजे आणि त्यातलं आपलं भलंबुरं ठरवता आलं पाहिजे. ज्या बाईला नवरा गेल्याचं आठवत नाही, तिचा हक्कसोडीच्या कागदावरचा अंगठा कोर्टात किती टिकेल, ते अमळनेरच्या कुठल्याही वकिलाला विचारा. शिवाय शेत वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर शिरपूरच्या बहिणीचा वाटा तुमच्या दोघांइतकाच आहे. हे तुमच्या भावाच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही. विसर काही एकट्या आईलाच पडत नाही. कागदांचं जे करायचं ते तिघा भावंडांनी समोरासमोर बसून, वकिलाच्या सल्ल्यानं करा. आईला मधे उभं करू नका.

आता तुमच्या पत्रातली एक उणीव सांगते. पत्रात काका आहेत, देवी आहे, बहिणीचं पाप आहे. डॉक्टर कुठेच नाही. "विसर पडतो" म्हणून तुम्ही वर्षभर गाडा ओढला, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं. वय झालं, चालायचंच. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे शंभरात सात-आठ जण. त्यातली किती माणसं "म्हातारपणी डोकं फिरलं" या एका वाक्यात गुंडाळली गेली असतील, कोण जाणे.

पण आईला स्मृतिभ्रंशच आहे, असं आपण दोघांनी ठरवून कसं चालेल? बी-१२ कमी झालं तरी विसर पडतो, आणि आयुष्यभर शाकाहारी असलेल्यांत ते कमी निघणं नवलाचं नाही. थायरॉइड मंदावलं तरी पडतो. नवरा गेल्यावर मन खचलं तरी पडतो. म्हाताऱ्या माणसाचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, विसरण्यातून दिसतं. कधी घरात पाय घसरून डोकं आपटलेलं असतं, कुणाच्या लक्षातही नसतं, आणि आत हळूहळू रक्त साकळत असतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. म्हणून मेंदूविकार तज्ज्ञाकडे घेऊन जा. जळगावात राहता, लांब जायला नको. जाताना ती घेते त्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट, कारण काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. कान आणि डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदू वाढला असेल तर संध्याकाळच्या अंधुक उजेडात दाराशी उभं राहिलेलं कुणीही बाबांसारखं दिसू शकतं.

अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, निघाला तर बरं करणारं औषध नाही. काहींना गोळ्यांनी थोडा काळ थोडा फरक पडतो, तेवढंच. आणि हो, एखाद्या दिवशी ती अचानक फारच बरळायला लागली, दोन दिवसांत माणूसच बदललं असं वाटलं, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, असं काहीतरी असतं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको.

खरं-खोट्याकडे येते. तुमच्या तालुक्याच्या गावात, अमळनेरात, १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. सत्य कशाला म्हणावं, यावर तिथे भल्याभल्यांनी डोकी झिजवली. तुमच्या बहिणीचा प्रश्न तिथे शोभला असता. तुमच्या आईला मात्र उत्तर संध्याकाळी सहा वाजता, दारात उभ्या उभ्या हवं असतं.

ती हे दिवेलागणीलाच का विचारते, याचा तुम्ही विचार केलात का? एक कारण आजाराचं आहे. अशा माणसांचा गोंधळ दिवस कलताना वाढतो. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा शीण चढतो. पण दुसरं कारण तुमच्या घराचं आहे. पन्नास वर्षं त्याच वेळेला बैलजोडी दारात यायची. वैरण टाकायची, पाणी पाजायचं, चुलीवर भाकरीचा तवा चढवायचा, आणि उशीर झाला की उंबऱ्यात येऊन रस्त्याकडे बघायचं. त्या वेळी तिच्या अंगात जी हुरहूर उठते ती खरी आहे आणि जुनी आहे. मेंदूत नव्या आठवणी जिथे धरल्या जातात तो भाग या आजारात आधी झिजतो. त्यामुळे बाबा गेल्याची तीन वर्षांपूर्वीची गोष्ट टिकत नाही, आणि बाबा वावरातून यायचे ही पन्नास वर्षांची गोष्ट पक्की राहते. तुम्ही खरं सांगत होता तेव्हा तुमच्या हिशोबानं तुम्ही एकच बातमी पुन्हा सांगत होता. तिच्या हिशोबानं नवरा रोज संध्याकाळी मरत होता. बहिणीला हे असंच्या असं सांगा. आणि म्हणा, आठ दिवस येऊन राहा, दिवेलागणीला दारात तू उभी राहा, आणि मग पापाचं ठरवू. मला वाटतं तिसऱ्या दिवशी तीही म्हणेल, वावरमा गयात.

तुमच्या बायकोला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिला योग्य तेच सुचलं. मी त्यात थोडीशी भर घालते. "येतीन" म्हटलं की वाट बघणं सुरू राहतं. त्याऐवजी तिलाच विचारून बघा, आज कोणत्या वावरात गेले? विहिरीजवळच्या का नदीकडच्या? काय पेरलंय तिकडे? ती बोलायला लागेल. बैलांची नावं सांगेल, कोणता बैल मारका होता ते सांगेल, आणि बोलता बोलता दारातून घरात येईल. "आठवण येते का गं त्यांची?" असंही विचारता येतं, त्यात खोटं काहीच नाही. आणि एखाद्या सकाळी ती अगदी शुद्धीवर असेल, तुमच्या डोळ्यात बघून विचारेल, "त्या गयात ना रे?" (ते गेले ना रे?) तेव्हा मात्र वावर सांगू नका. जवळ बसा आणि हो म्हणा. असे क्षण येतात. तेव्हा थापा मारल्या तर माणसाला कळतं, आणि मग ते कुणावरच विसंबत नाही.

काही साध्या गोष्टी. साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावा, अंधार पडायची वाट बघू नका. चहा त्याच वेळेला द्या. आणि तिच्या हाताला काम द्या. भावाला सांगून गावाकडून सरकीसकट पिशवीभर कापूस मागवा आणि रोज संध्याकाळी त्यातला ओंजळभर तिच्या मांडीवर ठेवा. काही सांगू नका. बघा, बोटं आपोआप कामाला लागतात. बोंडातला एक पाकळा उचलायचा, दोन्ही अंगठ्यांनी तो फाकवायचा, सरकी चिमटीत धरून कापूस ओढून काढायचा. एखादी सरकी दाण्यासारखी सुटून ताटलीत टण्णकन पडते, एखादीला तंतू चिकटून राहतात, मग ती नखानं साफ करायची. रुई जमली की ती बोटांनी पिंजून लांबट करायची, तळहाताला किंचित राख लावायची आणि डाव्या तळव्यावर उजव्यानं वळायची. तुम्ही करून बघा, पहिली वात सुतळीसारखी जाड होईल. तिची एकसारखी होईल, टोकाला निमुळती. हातांची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते आणि ती बराच काळ टिकते. गाण्यांचंही तसंच. आज सकाळी काय जेवलो हे न सांगू शकणारी बाई आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेला झोक्यावर म्हणायचं, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू शकते, ते याच कारणानं. झोक्यावरच्या मुलीचं वय काही असो, गाण्याला ते ठाऊक नसतं.

इथे थोडं तुमच्या बायकोबद्दल. अख्ख्या पत्रात ती एका वाक्यापुरती आली. पण दिवसभर आईबरोबर कोण असतं, रात्री दोनला ती उठून कडी काढायला लागते तेव्हा कोण उठतं, अंघोळ कोण घालतं, ते मला पत्रात न वाचताही दिसलं. ती किती दिवसांत माहेरी गेलेली नाही, हे तिला विचारा. भाऊ शेतीत अडकलेला असतो, बहीण सासरी असते, तुम्ही नोकरीवर असता, उरतं कोण? पाप-पुण्याचा हिशोब जिला मांडायचा आहे त्या बहिणीनं वर्षातले चार-पाच आठवडे वाटून घ्यावेत, भावानं सुगी संपल्यावर आईला गावी न्यावं, आणि तोवर दिवसातले तीन-चार तास एखादी बाई पगारावर ठेवावी. जमिनीच्या वाटणीआधी ही वाटणी करा. बायकोला मन मोकळं करायला कुणी हवं असेल तर १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या मदतीला १४५६७.

कानबाईकडे येते, कारण तुमचा जीव खरा तिथे अडकलाय.

काका चुकले असं मी म्हणणार नाही. रीत ते म्हणतात तशीच आहे. आपल्याकडे गेलेल्यांसाठी आखाजीचा दिवस आहे. त्या दिवशी त्यांच्या नावानं घागर भरतो, आमरस-सांजोऱ्यांचा घास टाकतो. श्रावणातले रोट जित्यांचे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते ती नांदत्या घरासाठी. गेलेल्यांचं गेलेल्यांना, असलेल्यांचं असलेल्यांना, अशी ती विभागणी आहे, आणि तिच्यात शहाणपण आहे. काकांचा भाऊ गेलाय, हेही विसरू नका. त्या ओरडण्यात रीतीपेक्षा दुसरंच काही असू शकेल.

पण आईनं गेलेल्या माणसाची मूठ घातलीच नव्हती. तिच्या लेखी बाबा वावरात होते. घरातल्या पुरुषांची नावं घेताना जे नाव पन्नास वर्षं सासऱ्यांच्या खालोखाल घेतलं, ते वगळून पुढे जा असं सांगितल्यावर तिचं सगळं माप कोलमडलं, यात नवल नाही. मापाचं ते एक नाव काढलंत की पुढची सगळी नावं घरंगळतात. तिनं गहू आकड्यांनी मोजलाच नव्हता, माणसांनी मोजला होता.

म्हणून यंदा असं करा. श्रावण लागायच्या आधी काकांना भेटायला जा. तुम्ही जा, बायकोला फोन करायला लावू नका. त्यांना आजाराचं समजावून सांगा, डॉक्टरांचा कागद असेल तर दाखवा, कागदाला जुनी माणसं मान देतात. म्हणा, काका, माप घेताना तुमच्या वहिनीला कुणी काही बोलायचं नाही, एवढंच मागतो. आणि तुम्हाला रीत सांभाळायची असेल तर उरलेलं माप मी मागाहून तुमच्यासमोर मोजीन. मग आईला गव्हाच्या टोपल्यापुढे बसवा, आणि तिला वाटतील त्या नावांच्या मुठी घालू द्या. जास्तीची मूठ पिठात गेली तर गिरणीवाल्याला ती कुणाची हे कळत नाही. कानबाईलाही तिचं वावडं असेल असं मला वाटत नाही. पण काकांना सोसवतच नसेल तर आई उठल्यावर सव्वा मूठ वाटीत काढून ठेवा आणि पाखरांना घाला. आईच्या देखत मात्र नको.

जाता जाता एक माझ्या मनातलं. मुठी फक्त पुरुषांच्या नावानं का, हे मला कधीच पटलेलं नाही. दळण घेऊन जाणारी, रोट थापणारी, रात्रभर गाणारी, चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर जाणारी सगळी बायकाच, आणि गहू मोजायचा पुरुषांचा! यंदा तुमच्या घरात रीतीचा विषय निघणारच आहे, तर तुमच्या मुलीच्या नावाची मूठही घालून टाका. काका दोन्ही मुठींवर एकदमच रागावतील, निदान राग वाटला जाईल.

जागरणाच्या रात्री आईला मध्यभागी बसवून तिच्यावर खिळून राहू नका. "आई, हे आठवतं का? ही कोण सांग बरं?" असली परीक्षा कुणीही घ्यायची नाही, हे पाहुण्यांना दारातच सांगा. गाणं कुणीतरी सुरू करावं, ती आपण होऊन सूर धरेल. नाही धरला तर नाही. आवाज आणि गर्दी यांनी ती लवकर दमेल, तेव्हा एक खोली शांत ठेवा आणि तिथे तिचं जुनं अंथरूण घाला, नवीन चादर नको. सोमवारी विसर्जनाला पावसाळ्याच्या चिखलात तिला पायी नेऊ नका. गावाच्या वेशीपर्यंत गाडीत बसवा. स्वयंपाक आटोपशीर ठेवा. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, गिलक्यांची भजी एवढं पुष्कळ झालं. पन्नास माणसांच्या पंगती घालायच्या हट्टात घरातल्या बायका मोडतात आणि मग पुढच्या वर्षी कुणालाच कानबाई नको होते.

राहिला तुमचा विश्वास. तुम्ही लिहिता की तुमचा आता देवावर विश्वास नाही. असेल. पण गडाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. चैत्रातलं ऊन, पायांचे फोड, घाटातली रात्र, पदरचे पैसे घालून वाटेत पाणी वाटणारी माणसं... (छापताना मी तो भाग गाळला आहे, तो तुमचा खासगी आहे.) ज्याचा विश्वास खरोखर उडालेला असतो तो देवीबद्दल एवढं लिहीत नाही. तुम्ही तिच्याशी भांडलेले आहात, आणि भांडण मिटलेलं नाही. ते मिटवा असं मी सांगत नाही. मिटवायला मी कोण? बाबा का गेले, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि देवीची वकिली मला करायची नाही. नवस करून माणूस वाचत नाही, हे तुम्हाला चालायला निघतानाही कुठेतरी ठाऊक होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून राहणं सोसत नव्हतं म्हणून तुम्ही चाललात. खानदेशातून दर चैत्रात हजारो माणसं गडाकडे चालतात. त्यातली किती जण मागायला जातात आणि किती जण फक्त सोसत नाही म्हणून चालतात, हे कुणी मोजलेलं नाही.

तुम्ही ढोंग म्हणता त्यावर माझा थोडा आक्षेप आहे. तुमच्या आईनं पन्नास वर्षं कानबाई केली, तेव्हा दर श्रावणात तिचं मन भक्तीनं भरून आलेलं होतं, असं तुम्हाला वाटतं? १९७२ चा दुष्काळ तिनं नवी नवरी म्हणून किंवा लेकुरवाळी म्हणून याच घरात काढला असणार. लोक खडी फोडायला जात होते, सुकडीवर पोरं जगत होती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घशाखाली उतरत नव्हती. त्या वर्षी रोटाला गहू कुठून आणला असेल? एखाद्या वर्षी घरात बाळंतपण असेल, एखाद्या वर्षी सासूशी अबोला असेल, एखाद्या वर्षी पोर दगावलेलं असेल. तरी रविवार आला की चौरंग मांडला गेला, देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ चढली. काही वर्षं मनापासून, काही वर्षं सासूच्या धाकानं, काही वर्षं शेजारीण काय म्हणेल म्हणून. त्याला आपण ढोंग म्हणत नाही. घर चालवणं म्हणतो.

तेव्हा माझं मत विचाराल तर यंदा कानबाई बसवा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. देवापुढे हात जोडायचे नसतील तर जोडू नका, तुमच्या हातांना दुसरी कामं पुष्कळ आहेत. गावचं घर झाडायचं आहे, भिंतींना चुना द्यायचा आहे, गहू निवडून दळून आणायचा आहे, पाहुण्यांच्या अंथरुणाची सोय बघायची आहे. पूजेला तुमच्या बायकोला आणि भावजयीला बसू द्या. कुणी विचारलं तर सरळ सांगा, माझं अजून मन होत नाही. खानदेशी माणसाला एवढं समजतं. न समजलं तर काकांच्याच शेजारी बसवा. पण आईला वाईट वाटेल म्हणून नुसता चेहरा भक्तीचा करून बसू नका. तिला नावं आठवत नसली तरी चेहरे वाचता येतात. ते बराच काळ येतं.

आणि आईच्या आठवणीतलं उरलेलं तुम्ही पुसाल, ही भीती सोडा. ते पुसणं तुमच्या हातात नाही, आणि राखणंही फारसं नाही. तुमच्या हातात आहे ते अजून जे शाबूत आहे ते विचारून घेणं. सकाळच्या वेळी, चहा झाल्यावर, ती ताजी असताना. बहात्तरच्या श्रावणाचंच विचारा. "त्या साली काय झालं" असं विचारू नका, साल तिला सांगता येणार नाही. "गहू नव्हता तेव्हा रोट कशाचे केले व माय?" असं विचारा. काहीतरी येईल, कदाचित भलतंच येईल, कदाचित तुमच्या आजीची चहाडी येईल. ते ऐका, दुरुस्त करू नका.

बहिणीला चार दिवस आधी गावी बोलवा आणि तिच्या सासरकडच्या एक-दोन गाणाऱ्या बायकांनाही घेऊन ये म्हणावं. शिरपूरकडे कानबाईची गाणी थोडी वेगळी म्हणतात, तेव्हा कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ, यावर वाद होणार. होऊ द्या. तुमचा फोन कोनाड्यात आवाज टिपायला लावून ठेवा, आणि आई त्या वादात पडून शिरपूरवाल्यांना "आसं नही शे ते" (असं नाहीये ते) म्हणत झापायला लागली, तर मधे कुणी बोलू नका आणि फोन बंद करू नका.

तुमची,
ताई